छपरावरची काच आणि उद्यमनगरचे हात

लोखंडाचं काम घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलं की ‘होणार नाही’ हे उत्तर सहसा ऐकू येत नाही. तुटलेला ब्रॅकेट न्या, झिजलेला बुश न्या, कंपनीने बनवणंच बंद केलेला गिअर न्या. मिस्त्री तो हातात घेऊन उलटापालटा करतात, कॅलिपर लावतात, पोराला मागच्या ढिगातून एक तुकडा आणायला सांगतात आणि ‘उद्या संध्याकाळी या’ म्हणतात. पण जुन्या मोटारीच्या सनरूफची काच फुटली, तर याच गल्ल्यांत नकार ऐकावा लागतो. काच इथे ओतता येत नाही, लेथवर चढवता येत नाही, वेल्डिंगने जोडता येत नाही. ती बाहेरूनच आणावी लागते, आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर आणायची कुठून, हाच प्रश्न होऊन बसतो.

वरवर पाहता हा प्रश्न हौशी गाडीवाल्यांचा वाटेल. छपराला काच असणं ही चैन, ती फुटली तर फुटली, असं म्हणणारेही भेटतात. पण छपराला भोक पडलेली गाडी जूनच्या पावसात बाहेर काढता येत नाही. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, टायर नवे, आणि हात-दोन हात काचेपायी गाडी ताडपत्रीखाली उभी, असं दृश्य आता गल्लोगल्ली दिसू लागलं आहे. आपल्या पैशाने घेतलेली वस्तू किती वर्षं वापरायची हे आपण ठरवायचं की ती बनवणाऱ्याने, हा या काचेच्या निमित्ताने उभा राहणारा खरा प्रश्न आहे.

दुरुस्तीतून उभं राहिलेलं गाव

कोल्हापूरचा यंत्रांशी घरोबा शंभर वर्षांहून जुना. शाहू महाराजांनी १९०६ साली कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पुढे नदीकाठच्या उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं आली, पंप आले, गुऱ्हाळांसाठी चरक आले. ही यंत्रं बिघडली की सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत ऊस वाळून जाणार. म्हणून भाग इथेच करायची सवय लागली. दुरुस्ती करता करता मिस्त्री मंडळी भाग बनवायला शिकली, भाग बनवता बनवता अख्खं यंत्र उभं करू लागली.

आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने आहेत, आणि देशभरच्या वाहन कंपन्यांना इथून कास्टिंग जातं. उद्योगाची पायाभरणी करणाऱ्या पिढीची नावं गावाने जपली आहेत. इंजिनिअरिंग असोसिएशनच्या सभागृहाला रामभाई सामाणींचं नाव आहे, वाय. पी. पोवारांच्या नावाने तर वस्ती आहे. ज्या गाडीच्या छपरावरची काच शोधत आपण हिंडतो, तिच्या इंजिनातलं एखादं कास्टिंग शिरोलीत ओतलेलं असू शकतं. काचेपाशी मात्र या गावाची हद्द संपते, आणि त्यामागे काचेच्या स्वभावातलंच कारण आहे.

फुटल्यावर साखरेसारखी का होते

मोटारीची पुढची काच आणि छपरावरची काच या दोन वेगळ्या जाती. पुढची काच दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा दाबून केलेली असते. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते. सनरूफची काच बहुतेक गाड्यांत टफन असते. काही मोठ्या, नव्या छपरांना पडद्याची काच येते, पण जुन्या गाड्यांत टफनच भेटते.

ती करण्याची रीत अशी. साधी काच आधी हव्या त्या आकारात कापतात, कडा घासून गोल करतात, भोकं हवी असतील तर पाडतात, काठाला काळा पट्टा छापतात. मग ती भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून छपराच्या बाकाप्रमाणे वाकवतात आणि दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे झोत सोडून झटक्यात थंड करतात. वरचा थर आधी गोठतो, आतला गाभा मागून थंड होत आकसू पाहतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असलेल्या रस्सीखेचीत दोर जागचा हलत नाही, तशी ही काच स्थिर असते. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मार सोसते. पण कुठेतरी एका बिंदूवर वरचा दाबाचा थर भेदला गेला की सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि पूर्ण काचेचे खडीसाखरेएवढे दाणे होतात. धारदार सुऱ्या होत नाहीत, म्हणून ती सुरक्षित.

हे गुपित माणसाला खूप आधी दिसलं होतं. १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या राजदरबारात प्रिन्स रुपर्टने काचेचे थेंब आणले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडून केलेले. डोक्यावर हातोडी मारली तरी फुटत नसत, शेपटी मोडली की क्षणात भुगा. रॉबर्ट हूकसारख्या शास्त्रज्ञाने त्यावर डोकं चालवलं. आज आपल्या गाडीच्या छपरावर बसलेली काच त्याच तत्त्वावर उभी आहे.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, घासता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. दुसऱ्या गाडीची जरा मोठी काच आणून काठ कमी करू म्हटलं तर कटर टेकवताच दाणे हातात येतात. लोखंडाला चालणारी ‘जरा घासून बसवू’ ही युक्ती इथे संपते.

काय काय निमित्त होतं

कोल्हापूरच्या परिसरात निमित्तांना तोटा नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा-कागल रुंदीकरणाची कामं चालली आहेत, ट्रकच्या चाकातून खडी उडते. पन्हाळ्याला किंवा आंबोलीला गाडी झाडाखाली लावली तर माकडं छपरावर उडी घेतात. कोकणात उतरलं की नारळाच्या झाडाखालची सावली महागात पडते. एप्रिल-मेमध्ये वळीव गारा घेऊन येतो. पुष्कळ जण म्हणतात, तापलेल्या काचेवर वळवाची सर पडली म्हणून ती फुटली. शाबूत टफन काच तापमानातला तेवढा फरक सहज सोसते. खरं कारण बहुधा काठावर असतं. रबराखाली दडलेला, नखाच्या टोकाएवढा टवका महिनोन्‌महिने तसाच असतो, आणि एक दिवस गारेचं किंवा खड्ड्याचं निमित्त होतं. क्वचित काचेतच निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि उभ्या गाडीची काच कुणी हात न लावता फुटते. अशा वेळी शेजारच्या पोरांवर आळ घेण्याआधी हे लक्षात घ्यावं.

फुटल्यानंतरची पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. दाणे आतल्या सरकत्या पडद्यावर साचलेले असतात. घाबरून पडदा मागे ओढला की सगळी काच डोक्यावर आणि मांडीवर येते. बटण दाबून सनरूफ बंद करायला गेलं की दाणे रुळात शिरतात, सरकणाऱ्या केबलीत अडकतात, आणि फक्त काचेवर भागणारं काम मोटर आणि रुळांपर्यंत जातं. तेव्हा बटणाला आणि पडद्याला हात लावू नये. गाडी बाजूला घ्यावी, फोटो काढावेत, वरून जाड प्लास्टिक टाकून रंगाला न ओढणाऱ्या कागदी पट्टीने चिकटवावं. खाकी पॅकिंग टेप उन्हात तापली की जुन्या गाडीचा रंग सोबत घेऊन निघते.

शोध

नव्या गाडीची काच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ऑर्डर देऊन मिळते. जुन्या गाडीच्या वाट्याला तीन वाटा येतात, आणि तिन्ही खडतर.

पहिली वाट कंपनीचीच. अनेक मॉडेलना नुसती काच विकायला नसते, रुळांसकट अख्खा संच घ्यावा लागतो. त्याची किंमत ऐकून माणूस गाडीच्या बाजारभावाशी तुलना करू लागतो. गाडी बनवणारी कंपनीच देशातून गेली असेल तर अडचण दुप्पट. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. सेवा आणि सुटे भाग चालू राहतील असं दोघांनीही सांगितलं. ब्रेक पॅड, फिल्टर, क्लच यांना रोजचं गिऱ्हाईक असतं, त्यामुळे ते दुसऱ्या उत्पादकांकडूनही मिळत राहतात. छपराची काच वर्षाकाठी फार थोड्यांना लागते. तिचा साठा करून ठेवायला कुणाचा हात धजत नाही.

दुसरी वाट जुन्या बाजाराची. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टई. अपघातात पुढून चेचलेल्या गाडीचं छप्पर बऱ्याचदा शाबूत असतं. कोल्हापूरकरांना आणखी एक स्रोत ठाऊक आहे, तो आठवणीत मात्र दुखरा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि तळघरांत, अंगणांत उभ्या असंख्य गाड्या बुडाल्या. पुरात गाडीचं वायरिंग जातं, गाद्या जातात, इंजिन जातं. काच शाबूत राहते. विम्याने बाद ठरवलेल्या अशा गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या काचा दुसऱ्या गाड्यांच्या छपरांवर चढल्या.

जुनी काच घेताना नजर कुठे लावायची ते जाणकारांकडून शिकावं. आधी कोपऱ्यातला ठसा वाचायचा. बनवणाऱ्याचं नाव, वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि देशाचा आकडा, युरोपीय नियमाचा ‘४३ आर’, किंवा आपल्याकडचं आयएस २५५३ मानक, आणि बहुधा सालाचा एक आकडा व महिन्याचे ठिपके. मग बोटाचं नख काठावरून सावकाश फिरवायचं. कुठे खरखर लागली, टवका लागला, तर ती काच कितीही स्वस्त असली तरी परत ठेवायची. त्यानंतर खालच्या बाजूचे ब्रॅकेट आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजायचं. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या फरकाने सनरूफचा पुरवठादार बदललेला असतो आणि काच दोन मिलिमीटरने दगा देते. आणायची ती उभी करून, आडवी टाकून कधीच नाही. काठ जमिनीला टेकू न देता, जाड वाकळेत गुंडाळून, शक्यतो स्वतःच्या गाडीतून.

तिसरी वाट नवी काच करून घेण्याची. पुण्याच्या पट्ट्यात भोसरी-चाकणला सेंट-गोबेनचे मोटारकाचेचे कारखाने आहेत, पण ते लाखोंच्या हिशेबात चालतात. एका काचेसाठी वाकवण्याचा साचा कोण करणार? लहान भट्ट्या चालवणारे इमारतीची सपाट काच टफन करून देतात, मोटारीच्या दुहेरी बाकाची नाही.

या ठिकाणी महाराष्ट्राचा जुना इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली लोकांच्या पैशा-पैशातून पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. कराडजवळ ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काच केली आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. काच परदेशातून येते म्हणून हात बांधून बसायचं नाही, ही त्या पिढीची जिद्द होती. त्याच तळेगावात बरोबर शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, जनरल मोटर्सने मोटारींचा कारखाना काढला. आता तो ह्युंदाईकडे आहे. कारखाना हातोहात गेला, त्यात बनलेल्या गाड्या मात्र अजून आपल्या दारात उभ्या आहेत आणि त्यांना काचा लागतात.

‘पान्याला वाट द्या’

उद्यमनगरच्या एका गॅरेजात हे काम जवळून पाहायला मिळालं. गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची, काच मुंबईच्या जुन्या बाजारातून आलेली. काम करणारे मिस्त्री साठीचे, हाताशी एक पोरगं.

काच आणली की लगेच बसवायची, असं वाटत होतं. मिस्त्रींनी ती भिंतीला गादीवर टेकवून ठेवली आणि अर्धा दिवस नुसत्या साफसफाईत घालवला. फुटलेल्या काचेची चौकट वर ताऱ्याच्या आकाराचं तोंड असलेल्या चार स्क्रूंनी धरलेली होती. ते सुटले तशी दोघांनी ती दोन बाजूंनी उचलून छपराला न घासता बाहेर काढली. मग व्हॅक्यूम, मग बारीक ब्रश, परत व्हॅक्यूम. रुळातलं जुनं ग्रीस काळं पडून त्यात काचेचा चुरा मिसळला होता. ते फडक्याने पुसून, बोटाच्या टोकाला टॉर्च धरून तपासून, मगच नवं ग्रीस लावलं. सरकणाऱ्या हाताचा एक प्लास्टिकचा गाइड चिरलेला निघाला. तो कुठे मिळेल, असं विचारायच्या आत पोरगं तो घेऊन पलीकडच्या लेथवर गेलं होतं. नायलॉनच्या कांबीतून नवा करून संध्याकाळी आणला. इथे उद्यमनगर पुन्हा आपल्या ताकदीवर आलं.

त्यानंतर मिस्त्रींनी जे केलं ते प्रत्येक सनरूफवाल्याने पाहायला हवं. त्यांनी चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतलं आणि खाली चाकाच्या कमानीजवळ वाकून बसले. पाणी आलं नाही.

‘सायेब, लोकास्नी वाटतंय रबर पानी अडवतंय. रबर काय अडवत न्हाई. पान्याला वाट द्या, ते आपलं आपन जातंय.’

सनरूफच्या रचनेचं सार त्या वाक्यात आहे. काचेभोवतीच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच, हे धरूनच ती बनवलेली असते. आत आलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांमधून, पुढच्या आणि मागच्या खांबांच्या पोटातून, खाली जमिनीवर पडतं. या नळ्या धुळीने, झाडाच्या पाल्याने, पुरात बुडालेली गाडी असेल तर गाळाने चोंदतात. मग पाणी छताच्या कापडात आणि पायाखालच्या गालिच्यात उतरतं, गाडीला कुबट वास येतो, वायरिंगला गंज चढतो. माणूस मात्र रबर बदलत बसतो, वरून सिलिकॉन फासतो. सिलिकॉनने काच चिकटते, पाण्याची वाट तशीच बंद राहते.

मिस्त्रींनी नळीत मऊ नायलॉनची दोरी हळूहळू सारली. कॉम्प्रेसरचा वारा मारला नाही. वाऱ्याच्या दाबाने खांबाच्या आत नळीचा सांधा निसटला तर तो शोधायला अख्खं अस्तर उतरवावं लागतं. दोरीसोबत काळी माती आली, वडाच्या पानाचा तुकडा आला, आणि पाणी खाली धो-धो पडलं. चारही नळ्या अशाच तपासल्या.

आता काच. ती वरून अलगद ठेवली, स्क्रू अर्धे आवळले आणि मग सुरू झालं बोटांचं काम. काचेचा पुढचा काठ छपराच्या पत्र्यापेक्षा केसभर खाली आणि मागचा काठ केसभर वर लागतो. फरक जेमतेम मिलिमीटरचा. पुढचा काठ वर राहिला की वारा त्याला अडतो आणि महामार्गावर शिट्टी वाजत राहते. मिस्त्री डोळे मिटून तर्जनी पत्र्यावरून काचेवर नेत होते, परत आणत होते, पाव आट्याने स्क्रू फिरवत होते. मग कागदाची पट्टी रबर आणि पत्र्याच्या मध्ये धरून काच बंद केली आणि चारही बाजूंनी ओढून पाहिली. सगळीकडे सारखी घट्ट. शेवटी बटण दाबून धरलं, काच पूर्ण उघडली, मिटली, थांबली. मोटरला आपल्या दोन्ही टोकांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. नाहीतर मध्ये हात आल्यावर मागे फिरण्याची तिची सुरक्षा नीट चालत नाही. या शेवटच्या पायरीचा कंटाळा करणं लहान मुलं असलेल्या घरात धोक्याचं आहे.

पाण्याची चाचणी साध्या पाइपाने घेतली, प्रेशर वॉशरने नाही. मग गाडी कागलच्या दिशेने महामार्गावर. शिट्टी नव्हती.

नको ते उपाय

काच मिळत नाही म्हणून लोक काय काय करतात तेही पाहिलं. कुणी ॲक्रिलिकची शीट कापून बसवतो. ती उन्हाने पिवळी पडते, पुसायच्या फडक्यानेही ओरखडते, तापल्यावर काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि मोटारकाचेच्या कुठल्याही मानकात बसत नाही. कुणी इमारतीची साधी, टफन न केलेली सपाट काच चिकटवतो. ती फुटली तर सुऱ्या डोक्यावर. भोक कायमचं झाकायचंच असेल तर त्याच ब्रॅकेटवर बसेल असा पत्र्याचा पॅनेल ठोकून घेणं बरं. कोल्हापूरच्या बॉडी मिस्त्र्यांना छपराचा बाक डोळ्यांनी कळतो, आणि पुढे काच मिळाली तर तो पॅनेल चार स्क्रू काढून बाजूला ठेवता येतो. धडधाकट छपराला नवं भोक पाडून बाहेरचं सनरूफ बसवणं मात्र पूर्ण टाळावं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे बदल करू देत नाही, आणि छपराचा पत्रा कापला की अपघातात गाडीची ताकद घटते.

विम्याचा हिशेब

जुन्या गाडीचा मालक ‘एवढ्या जुन्याला काय मिळणार’ म्हणून विम्याकडे वळतच नाही. इथे एक गोष्ट ठाऊक असावी. स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू असेल, तर काचेच्या भागांना घसारा शून्य असतो, गाडी कितीही जुनी असो. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, दहाच्या पुढे ५० टक्के. म्हणजे नुसती काच गेली तर भरपाई चांगली, रूळ आणि रबरं गेली तर निम्मी. दर दाव्याला १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि मोठ्या मोटारीला २,००० रुपये स्वतः सोसावे लागतात, आणि दावा न केल्याबद्दल पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत साचणारी सवलत दाव्यामुळे जाऊ शकते. खर्च थोडा असेल तर खिशातून करावा, मोठा असेल तर दावा करावा. पण सर्व्हेअरने पाहण्याआधी फुटकी चौकट काढू नये. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

आज दुर्मिळ, उद्या घरोघरी

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दशकात सनरूफ म्हणजे ऑक्टाव्हिया, अकॉर्ड, ऑप्ट्रा अशा मोजक्या गाड्या. २०१४ च्या होंडा सिटीने ते मध्यमवर्गाच्या टप्प्यात आणलं. २०१९ मध्ये एमजी हेक्टरने छपरभर काच आणली, २०२० मध्ये टाटांनी नेक्सॉनच्या मधल्या आवृत्तीला सनरूफ दिलं, २०२२ मध्ये ब्रेझातून मारुतीही आली आणि २०२३ मध्ये एक्स्टरसारख्या लहान गाडीवर ते दिसलं. या सगळ्या गाड्या एमएच-०९ च्या पाट्या लावून रस्त्यावर आहेत. २०३५ मध्ये त्या जुन्या झालेल्या असतील. आज उद्यमनगरात अधूनमधून येणारी ही अडचण तेव्हा रोजची असेल.

सरकारचा नियम सांगतो की खासगी मोटार पंधरा वर्षांनी तपासणीत उतरली तर पुन्हा नोंदवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क घेऊन तशी नोंदणी केली जाऊ लागली. गाडी चालवायला परवानगी द्यायची आणि तिचे भाग मिळतील याची हमी कुणी द्यायची नाही, हे न्याय्य नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता, कारण त्यांनी अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू दिली नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व स्वच्छ होतं. गाडी विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीची मक्तेदारी कंपनीकडे राहत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांच्या जोडीला तिच्या यादीत मोटारीही होत्या. त्याच डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झालं. मोबाइल आणि उपकरणांसाठी दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडा २०२५ मध्ये पुढे आला. मोटारींसाठी तसं पाऊल अजून हवं आहे.

माझी मागणी साधी आहे. गाडीचं शेवटचं मॉडेल कारखान्यातून निघाल्यापासून निदान पंधरा वर्षं तिची प्रत्येक काच सुटी मिळाली पाहिजे, संचाची सक्ती न करता. कंपनीला ते परवडत नसेल किंवा ती देश सोडून जात असेल, तर त्या काचेचा आकार, बाक आणि भोकांच्या जागा यांचा नकाशा तिने मानकाप्रमाणे काच करणाऱ्यांसाठी खुला करावा. साचा शिरोलीतही होऊ शकेल, भट्टी पुण्याच्या पट्ट्यात आहे, बसवणारे हात उद्यमनगरात आहेत. अडलं आहे ते फक्त मोजमापापाशी, आणि ते कंपन्यांच्या कपाटात बंद आहे.

ते कपाट उघडायला कायदा लागेल, आणि कायद्याच्या आधी गिऱ्हाइकाचा आवाज लागेल. या दिवाळीत नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये जाणाऱ्यांनी मायलेज आणि रंग विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: हिच्या छपराची काच पंधराव्या वर्षी मला कुठे मिळेल, आणि नुसती काच मिळेल का? उत्तर लेखी मागावं. हाच प्रश्न गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक विचारू लागलं, तर कंपन्यांना त्याचं उत्तर तयार ठेवावंच लागेल.